फेअर केलेली वही

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजच्या पहिल्या दिवशी शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीने मला विचारलं, आमच्या प्रोफेसर तुम्हीच का? मी म्हटलं, नाही, मी विद्यार्थिनी. "ओह, कूल," असं म्हणून तिने आपली बॅग माझ्या बाजूने उचलली आणि पलीकडच्या बाजूला ठेवली. ती एकोणीसची, मी एकोणचाळीसची. तिचा काही दोष नव्हता. पण मला तेव्हा जो राग आला तो पुढे बरेच दिवस पुरला, आणि त्या रागावरच मी कॅल्क्युलस पास झाले.

खरं म्हणजे माझी बी.एस्सी. झालेली होती. परभणीची, केमिस्ट्री घेऊन, फर्स्ट क्लास. इथल्या काउन्सेलरने माझ्या मार्कशीट उलटसुलट करून पाहिल्या आणि सांगितलं की एकतर ही तीन वर्षांची डिग्री, त्यात इतकी जुनी. सायन्सचे विषय इतके जुने चालत नाहीत. "नॉलेज एक्सपायर होतं," ती हसून म्हणाली, दुधाच्या कॅनबद्दल बोलावं तसं. म्हणून मी पुन्हा जनरल केमिस्ट्रीपासून सुरुवात केली. मोल म्हणजे काय, हे एका पंचविशीतल्या मुलाने मला फळ्यावर डझनभर अंड्यांचं उदाहरण देऊन समजावलं आणि मी ते मुकाट्याने लिहून घेतलं.

बेत असा होता. इथे दोन वर्षं केमिस्ट्री, बायॉलॉजी, फिजिक्स, गणित आणि क्रिमिनॅलिस्टिक्स नावाचा एक विषय, ज्यात गुन्ह्याच्या जागचे पुरावे कसे तपासायचे त्याची तोंडओळख असते. मग राज्याच्या युनिव्हर्सिटीत फॉरेन्सिक सायन्सच्या डिग्रीला ट्रान्सफर. तिथे जागा मोजक्या. चांगले ग्रेड लागतात, एका प्रोफेसरचं शिफारसपत्र लागतं, आणि फॉर्मवर लिहून द्यावं लागतं की आपल्यावर कधी गैरवर्तनाचा ठपका आलेला नाही. या शेवटच्या ओळीवर मी तेव्हा एक क्षणसुद्धा घालवला नाही. गैरवर्तन करायला मला वेळ कुठे होता?

हे खूळ डोक्यात कुठून आलं ते सांगते. माझे वडील पोलिसात हवालदार होते. संशयास्पद मृत्यू झाला की सिव्हिल हॉस्पिटलमधून व्हिसेऱ्याच्या बरण्या यायच्या, म्हणजे मेलेल्या माणसाच्या पोटातले अवयव मिठाच्या पाण्यात घालून, वर लाखेचं सील करून. त्या औरंगाबादच्या सरकारी लॅबला पोचवायचं काम बहुतेक वेळा त्यांच्याच गळ्यात पडायचं. एसटीने. खोकं दोन्ही पायांच्या मध्ये धरून ते बसत, आणि कंडक्टरने विचारलं तर "सरकारी औषध" म्हणत. लॅबची पोच हातात पडेपर्यंत पाण्याचा थेंब घेत नसत. का, म्हणून मी एकदा विचारलं. म्हणाले, "पाणी पिलं की उतरावं लागतं. उतरलो की खोकं कुणाकडं देऊ?"

नववीच्या सुट्टीत त्यांनी मला एकदा सोबत नेलं. लॅबच्या खिडकीशी पांढऱ्या कोटातली एक बाई उभी होती. तिने भिंगातून सील तपासलं, लेबल वाचलं, आणि मान वर करून म्हणाली, "सील व्यवस्थित आहे, हवालदार." माझे वडील, ज्यांना त्यांच्या ठाण्यात कुणी बस म्हणत नसे, ते त्या वाक्याने ताठ झाले. मला त्या दिवशी ती बाई व्हायचं होतं. बी.एस्सी. झाल्यावर मुंबईला तसा कोर्सही होता. पण तेवढ्यात अमेरिकेचं स्थळ आलं, आणि अमेरिकेचं स्थळ आलं की आमच्याकडे मुलीला विचारत नाहीत, तिचं अभिनंदन करतात.

मग इकडे, हर्नडनच्या एका अपार्टमेंटमध्ये डिपेंडंट व्हिसावर किती वर्षं गेली ते मोजायचं मी सोडून दिलं. मुलगी झाली, ती शाळेत जायला लागली, मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर द्यायला लागली. शेवटी ग्रीन कार्ड आलं तेव्हा नवऱ्याने विचारलं, आता काय करायचंय तुला? मी सांगितलं. तो गाडी चालवत होता, त्याने सिग्नलला थांबून माझ्याकडे नीट बघितलं. "अगं, सहा महिन्यांचा डेटा अॅनालिटिक्सचा कोर्स कर ना. आमच्याच प्रोजेक्टवर घेतील तुला. हे काय मधेच?" माणूस वाईट नाही. पण माझ्या कुठल्याही इच्छेला तो पहिल्यांदा "मधेच" म्हणतो. महाराष्ट्र मंडळातल्या एका काकूंनी तर नाकाला पदर लावायचा तेवढा बाकी ठेवला. "ईऽऽ, म्हणजे डेड बॉडीज? आणि मग घरी येऊन स्वयंपाक करणार तू?" मी म्हटलं, "हात धुऊन, काकू."

क्रिमिनॅलिस्टिक्स शिकवायला जी बाई होती तिने आयुष्यभर एका काउंटीच्या क्राइम लॅबमध्ये काम केलं होतं. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना म्हणून शिकवायला आलेली. आखूड पांढरे केस, कॅनव्हासचे बूट, हसणं जवळजवळ नाहीच. सगळे तिला प्रोफेसर म्हणत. मी मनात बाईच म्हणायची, शाळेत म्हणायचो तसं. पहिल्याच तासाला तिने लॅबची वही उंच धरून दाखवली. पानांना छापील नंबर. प्रत्येक पांढऱ्या पानाखाली एक पिवळं पान, वर लिहिलेलं खाली आपोआप उमटणारं. तास संपला की पिवळं पान फाडून तिच्याकडे द्यायचं, पांढरं वहीत राहणार. पेननेच लिहायचं. चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही, तारीख. पांढरं पान फाडायचं नाही. बाहेरच्या कागदावर काही लिहायचं नाही. "जे दिसलं ते, आणि दिसलं तेव्हाच," ती म्हणाली. मी हे सगळे नियम पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात उतरवून घेतले आणि खाली दुहेरी रेघ मारली.

त्या वर्गात मी खरंच सुखी होते, हे कबूल केलं पाहिजे. काचेवरच्या ठशावर पावडर फिरवायची तर हात अगदी हलका लागतो. पोरं ब्रश दाबायची आणि ठसा पुसून टाकायची. माझा पहिल्याच वेळी स्वच्छ उठला. बाईने तो उजेडात धरून बघितला आणि सगळ्यांना जवळ बोलावून दाखवला. पुढे एकदा वर्ग सुटल्यावर म्हणाली, "शिफारसपत्र कोणाकडून घेणार आहेस? मी लिहीन." एवढंच. पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून मी पाच मिनिटं रडले आणि मग मुलीला आणायला गेले.

आता त्या प्रयोगाचं. प्रत्येक टेबलावर पाच स्टँड होते, एक फुटापासून पाच फुटांपर्यंत. वरून खोट्या रक्ताचा एकेक थेंब खालच्या पांढऱ्या कार्डावर पाडायचा आणि डागाची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजायची. जितका उंचावरून पडेल तितका डाग मोठा. माझा तीन फुटांचा सतरा आला, आणि चार फुटांचा सोळा. म्हणजे मोठा व्हायच्या ऐवजी लहान. मी पुन्हा पाडला. सोळा. तिसऱ्यांदा पाडला. सोळा. तिन्ही वेळा सोळा लिहून मी पुढे गेले. बाई मागून जाताना माझ्या वहीत डोकावली, क्षणभर थांबली आणि तशीच पुढे गेली. मला वाटलं, नाराज झाली.

सेमिस्टर संपताना वही द्यायची होती. वहीवरून ग्रेड ठरणार होता, आणि ती बघूनच बाई पत्र लिहिणार होती. एका रविवारी दुपारी नवरा मुलीला स्विमिंगला घेऊन गेला होता, तेव्हा मी डायनिंग टेबलावर वही उघडली आणि मला लाज वाटली. पानोपानी आडव्या रेघा, कडेला माझ्या सह्या. बुटाच्या ठशाचा साचा काढताना सांडलेलं प्लास्टर एका पानावर वाळून चिकटलेलं. अक्षर घाईचं. असली वही मी उभ्या आयुष्यात कुणाच्या हातात दिलेली नव्हती.

आमच्या कॉलेजात प्रॅक्टिकलचं जर्नल असायचं. लॅबमध्ये रफ वही, घरी जर्नल. डावीकडच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने आकृती, उजवीकडे शाईने उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षणं, निष्कर्ष. तारीख प्रयोगाची घालायची, लिहिल्याची नाही. रीडिंग आलं नाही तर जुळवायचं. जुळवायचं हा शब्द सगळे उघड वापरायचे, सरसुद्धा. लॅब असिस्टंट तर बरोबर उत्तराची चिठ्ठीच फिरवायचा, म्हणजे सगळ्यांचा वेळ वाचतो. वर्षाच्या शेवटी सर प्रत्येक पानावर लाल सही करायचे आणि पहिल्या पानावर सर्टिफाइडचा शिक्का मारायचे. माझं जर्नल कपाटात ठेवलेलं असे, पुढच्या वर्षीच्या मुलांना दाखवायला. त्यावर मी किती वर्षं फुशारले असेन!

तर फेअर करायला म्हणून मी कॉलेजच्या स्टोअरमधून तशीच नवी वही आधीच आणून ठेवली होती. सगळं उतरवून काढलं. समास आखले, तक्ते पट्टीने काढले, जुन्या तारखा घातल्या. त्या थेंबांच्या पानावर पेन थांबलं. खोटं कशाला सांगू, थांबलं. आलेखाची रेघ छान चढत होती आणि चार फुटांवर मधेच खड्डा. मला वाटलं, ही माझ्याच हाताची चूक, आणि ती कुणाला का दाखवायची? मी सोळाच्या जागी अठरा लिहिले. रेघ सुरेख वर गेली आणि मला बरं वाटलं. पिवळी पानं बाईकडे आहेत हे मला पक्कं ठाऊक होतं. पण ती माझ्या लेखी रफ होती. फेअर वही मिळाल्यावर रफ कागद कोण बघतं? सोमवारी नवी वही बाईकडे गेली आणि जुनी रिसायकलिंगच्या डब्यात. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

चार दिवसांनी बाईने ऑफिसमध्ये बोलावलं. मला वाटलं, पत्राचं बोलायला. मी चांगला कुर्ता घालून गेले. तिच्या टेबलावर माझी वही होती आणि शेजारी पिवळ्या पानांचा गठ्ठा.

"ही वही कोणाची?" तिने विचारलं.

"माझीच. पुन्हा नीट लिहून काढली," मी म्हटलं. आवाजात थोडी ऐटसुद्धा असणार.

"मूळ कुठे आहे?"

"खराब झाली होती. टाकून दिली."

तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग एक पिवळं पान काढून त्यावरच्या सोळावर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताचं बोट वहीतल्या अठरावर. तिने सांगितलं. प्रत्येक टेबलावर चार फुटांच्या स्टँडखाली ती दर वर्षी मुद्दाम वेगळं कार्ड ठेवते. दिसायला सारखं, पण त्यावर थेंब कमी पसरतो. कुणाला वेगळं दिसतं आणि दिसलेलं कोण लिहितं, हे तिला बघायचं असतं. या वर्षी बाकी सगळ्यांच्या वहीत पहिल्याच झटक्यात अठरा होते. "तीनदा मोजून तीनदा सोळा लिहिणारी तू एकटी होतीस," ती म्हणाली. "या पिवळ्या पानावरूनच मी तुझं पत्र लिहायला घेतलं होतं."

मी विचारलं, मग त्यांचं काय, ज्यांनी अठरा लिहिले? ती म्हणाली, त्यांची पांढरी आणि पिवळी पानं जुळतात. त्यांच्याविरुद्ध तिला काही सिद्ध करता येत नव्हतं. म्हणजे ज्यांनी जागच्या जागी खोटं लिहिलं ते सुटले, आणि खरं लिहून मग घरी जाऊन ते पुसणारी मी सापडले. इतका मूर्खपणा करायलाही एक परंपरा लागते. बाईने सांगितलं की नियमाने तिला हे वर कळवावं लागेल आणि मग सुनावणी होईल. तिचा चेहरा उतरला होता, पण ती थांबली नाही.

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "एवढंच ना? कॉपी करताना चुकून झालं म्हण. सोळाचं अठरा, होऊ शकतं यार. प्रूव्ह कोण करणार?" तेरा वर्षांची मुलगी फोनमधून डोकं न काढता म्हणाली, "मॉम, जस्ट से सॉरी अँड क्राय अ लिटल." दोघांचाही सल्ला मी ऐकून घेतला. दोघांचाही व्यवहाराला धरून होता.

सुनावणी होईपर्यंतच्या आठवड्यात मला एकच गोष्ट आठवत राहिली, आणि ती मी त्या दोघांना सांगितली नाही. माझं अक्षर मोत्यासारखं. म्हणून सातवी-आठवीपासून वडील मला पंचनामे फेअर करायला द्यायचे. मी स्वयंपाकघरात पाटावर बसून लिहायची, "आम्ही खालील सह्या करणारे पंच समक्ष हजर राहून," आणि वडील दाढी करता करता सांगायचे, वेळ सकाळी साडेदहाची घाल. पंचांच्या सह्या कोऱ्या कागदाच्या तळाशी आधीच असायच्या. मला फक्त वरची जागा बरोबर भरेल असं अक्षर लहानमोठं करावं लागे. एका बरणीसाठी दिवसभर घसा कोरडा ठेवणारा माणूस आणि हा माणूस एकच होता. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. आता वाटत होतं, आणि वाटतं म्हणून त्यांचा राग येत होता, आणि ते गेले आहेत म्हणून तो कुणावर काढताही येत नव्हता.

सुनावणीला तिघे होते. मुख्य माणूस मऊ आवाजाचा, फुलाफुलांचा टाय लावलेला. त्या तिघांखेरीज बाई, बाजूच्या खुर्चीवर, नजर टेबलावर. मी लिहून दिलेलं त्याने वाचलेलं होतं. आमच्याकडच्या जर्नलची पद्धत मीच त्यात लिहिली होती. तो माझ्याकडे बघून इतका गोड हसला की मला तेव्हाच संशय यायला हवा होता. म्हणाला, मी इंडियाला जाऊन आलोय, फार सुंदर लोक. मग पुढे झुकून म्हणाला, "मला वाटतं हा सगळा संस्कृतीतला फरक आहे. तुम्ही जिथून आलात तिथे आकडे असे नीट करून लिहिणं नॉर्मल असतं, बरोबर ना? इंटिग्रिटीची आमची इथली कल्पना तुम्हाला नवीन आहे."

त्याचं पेन कागदावर टेकलेलं होतं. बाकीचे दोघे मान हलवत होते, आता मी हलवायची तेवढी बाकी होती. हलवली असती तर एक ताकीद, एक छोटासा ऑनलाइन कोर्स, आणि विषय संपला. रेकॉर्डवर काही नाही, फॉर्मवर काही नाही, ट्रान्सफर मोकळी. तो मला दार उघडून देत होता. आणि तो म्हणत होता ते खरं होतं. शब्द न् शब्द खरा.

पण माझं डोकं फिरलं. इंटिग्रिटीची कल्पना नवीन? एसटीच्या बाकावर पायांत खोकं धरून बसलेल्या माणसाच्या मुलीला हा फुलांचा टाय इंटिग्रिटी शिकवणार? सुंदर लोक म्हणे! भीक नको पण कुत्रं आवर, असं झालं मला. मी म्हटलं, "नाही. आमच्याकडे हे नॉर्मल नाही. आमच्याकडेही याला खोटं लिहिणंच म्हणतात. मला माहीत होतं आणि मी आकडा बदलला."

त्याने विचारलं, तुम्हाला नक्की असंच म्हणायचंय? मी म्हटलं, हो. बाईने त्या तासाभरात पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. त्यांनी मला दहा मिनिटं बाहेर बसवलं आणि मग आत बोलावून सांगितलं की ठपका सिद्ध, विषयात नापास, आणि नोंद रेकॉर्डवर राहील.

पार्किंग लॉटमध्ये बाई माझ्या मागून आली. "तू मान हलवायला हवी होतीस," ती म्हणाली. मी म्हटलं, हलवली असती तर तुम्ही पत्र दिलं असतं? ती नाही म्हणाली. मग तिने समजावून सांगितलं, तिच्या वर्गात सांगायची तसंच, सावकाश. लॅबमधल्या माणसाला कधी ना कधी कोर्टात साक्षीला उभं राहावं लागतं. समोरचा वकील विचारणार, तुम्ही कधी आकडा बदललाय का? हो म्हटलं की त्या माणसाने हात लावलेल्या सगळ्या केसेस पुन्हा उघडतात. "असा धोका कुठलीच लॅब घेणार नाही. पुढच्या वर्षीही नाही, दहा वर्षांनीही नाही." आणि गाडीकडे जाता जाता म्हणाली, "तुझ्यासारखे हात मी फार थोडे बघितले." हे कशाला सांगायचं मला? मला तिचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त या गोष्टीचा की ती बरोबर होती. मी त्या खिडकीत असते तर असल्या माणसाच्या हातचं सील मीसुद्धा घेतलं नसतं.

तरीही मी अर्ज भरला. नको त्या चौकटीत खूण केली आणि खाली जे घडलं ते लिहिलं. वसंतात उत्तर आलं. फॉरेन्सिकला खेदपूर्वक नाही, पण हवं असल्यास नुसत्या केमिस्ट्रीला प्रवेश देता येईल. मी हो कळवलं. घरी बसून करणार काय होते?

नवऱ्याला मनापासून आनंद झाला. हे त्याच्या बाजूने सांगायला हवं, खरंच झाला. शनिवारी दुपारी त्याने चार घरं जेवायला बोलावली आणि इंडियन स्टोअरमधून पेढे आणले. मंडळातल्या त्या काकू आल्या, त्यांचे यजमान आले. काका फार पूर्वी इकडे आलेले केमिकल इंजिनिअर, आता निवृत्त, कुठल्याही विषयावर शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनीच विचारलं, "अगं, तुझं ते फॉरेन्सिक होतं ना? केमिस्ट्री कशी झाली मधेच?"

मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, "हिनेच ड्रॉप केलं, काका. म्हणाली, डेड बॉडीज वगैरे नकोत आता."

"बरं झालं बाई," काकू म्हणाल्या. "सुबुद्धी सुचली."

सगळे माझ्याकडे बघून हसले. मी हातातलं ताट ठेवलं आणि म्हटलं, "नाही. मला घेतलं नाही. मी प्रयोगातला आकडा बदलला होता. सोळा आला होता, मी अठरा लिहिला. पकडले गेले." आणि मग वहीपासून सुनावणीपर्यंत सगळं सांगून टाकलं. नवरा माझ्याकडे असा बघत होता की जणू मी पाहुण्यांसमोर कपडे काढतेय. मला पर्वा नव्हती. मला फक्त तिथल्या एका तरी माणसाच्या चेहऱ्यावर बघायचं होतं की हे वाईट झालं, हे मी करायला नको होतं.

काका खो खो हसले. "अगं वेडे, एवढंच? मी चार वर्षांचं इंजिनिअरिंग रीडिंग जुळवूनच काढलं! काही बिघडलं का माझं?"

"आपल्याकडे सगळेच करतात गं," काकू माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या. "त्यात काय एवढं? ह्या लोकांना कळतच नाही."

"टू रिजिड आहेत यार हे," कोणीतरी म्हणालं. "तू अपील कर ना. सांग त्यांना की आमच्याकडे हे नॉर्मल आहे, आम्हाला असंच शिकवतात. दे विल अंडरस्टँड."

नवऱ्याचा चेहरा सैल झाला. तोही मान हलवायला लागला. सगळेच हलवत होते. फुलाफुलांचा टाय लावलेला तो माणूस मऊ आवाजात नेमकं हेच म्हणाला होता, आणि त्याला खोटं पाडायला मी माझं सगळं आयुष्य त्याच्या टेबलावर ठेवून आले होते. इथे माझ्याच हॉलमध्ये माझीच माणसं, माझ्यावरच्या मायेने, एका सुरात त्याला खरं ठरवत होती. काकांनी बॉक्समधला एक पेढा उचलून माझ्या हातावर ठेवला. "सोड ते सगळं. तोंड गोड कर बघू आधी."

मी खाल्ला.